रहस्यकथा वाचा, पण संशय कोणावर जातो तें पाहा



रहस्यकथा व भयकथा यांविषयीं विद्वान मंडळींचें मत कधींच ठरून गेलें आहे. हें हलकें वाङ्मय, हें प्रवासांत वाचून बाकावर टाकून देण्याचें वाङ्मय, असें म्हणून ते साहित्याच्या इतिहासांत त्याला एखाददुसरी ओळ देतात व पुढें जातात. आमचें मत तसें नाहीं. ज्या घरांत पोथी आणि पंचांग यांपलीकडे छापील कागद शिरला नव्हता, त्या घरांत हौसेनें आणलेलें पहिलें पुस्तक पुष्कळ वेळां रहस्यकथेचेंच होतें. मी खेड्यांतला शाळामास्तर आहें. पाठ्यपुस्तक मुलाकडून धाक घालून वाचून घ्यावें लागतें. रहस्यकथा तोच मुलगा दप्तरांत लपवून आणतो आणि मधल्या सुटींत खाणें विसरून वाचतो. ज्या पुस्तकामुळें अडखळत वाचणारा मुलगा सरळ वाचूं लागतो, त्या पुस्तकाला नाक मुरडणें मास्तरला शोभत नाहीं.

पण नाक मुरडूं नये याचा अर्थ डोळे मिटावे असा नाहीं. बाजारांतून आणलेलें धान्यसुद्धां आपण सुपांत घेऊन पाखडतों. तसेंच हें वाङ्मय पाखडून पाहावें, दाणा किती व खडे किती तें उघड बोलावें, एवढ्यासाठीं हा लेख आहे.

मराठींत या पिकाची पेरणी जुनी आहे. गोविंद नारायणशास्त्री दातार यांनीं विसाव्या शतकाच्या आगेंमागें ‘कालिकामूर्ति’, ‘अधःपात’ अशा अद्भुत कादंबऱ्या लिहून त्या काळच्या वाचकांना रात्रभर दिव्यापाशीं बसविलें. परंतु हें पीक घरोघर पोंचविलें तें बाबूराव अर्नाळकरांनीं. त्यांचें खरें नांव चंद्रकांत सखाराम चव्हाण. १९९६ सालीं ते वारले, तोंवर त्यांच्या नांवावर हजाराच्या वर पुस्तकें जमा झालीं होतीं. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि त्याचा छोटू हीं नांवें आमच्या वडीलधाऱ्यांना सिनेमाच्या नटांइतकीं ओळखीचीं होतीं. त्यांच्या मागून गुरुनाथ नाईक आले. ते २०२१ सालीं वारले. त्यांच्याही कादंबऱ्यांचा आंकडा हजार ओलांडून गेला. मग सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांचा दारा बुलंद आला, फिरोझ इराणी आला, बॅरिस्टर अमर विश्वास आला. शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’वर २०१३ सालीं चित्रपट निघाला आणि शहरांतल्या तरुणांना त्यांचें नांव नव्यानें कळलें, खेड्यांतल्या वाचकाला ते आधींपासून ठाऊक होते, आणि तेही रहस्यकथेचे लेखक म्हणूनच.

या लेखकांची पहिली कमाई भाषेची आहे. लहान वाक्य, रोजच्या बोलण्यांतला शब्द, आणि पुढें काय झालें याची ओढ. समासांचे डोंगर नाहींत, संस्कृताचे उतारे नाहींत. चौथींत शाळा सुटलेला माणूससुद्धां तें वाचूं शके, आणि पातळ कागदाचें तें पुस्तक एस्. टी. स्टँडवर किंवा भाड्यानें पुस्तकें देणाऱ्या दुकानांत त्याला थोड्या पैशांत मिळे. ज्यांनीं भारी भाषेंत लिहिलें त्यांचीं पुस्तकें कपाटांत राहिलीं; यांचीं पुस्तकें पानें सुटेपर्यंत हातोहात फिरलीं.

दुसरी कमाई याहून मोठी आहे. या कथांत कोणाच्या मोठेपणावर भागत नाहीं. ‘साहेब म्हणतात’ म्हणून गोष्ट खरी ठरत नाहीं, पुरावा लागतो. घड्याळ कितीला बंद पडलें, चिखलांतलें पाऊल कोणाचें, पत्रावरचें अक्षर कोणाचें, हें पाहिल्याशिवाय गुप्तहेर तोंड उघडीत नाहीं. सावकारानें वाचून दाखविलें तें खरें मानून खतावर अंगठा उठविण्यांत ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांच्या मुलांना ‘पुरावा काय?’ असें विचारण्याची संवय लागली, तर तें लहानसहान शिक्षण नव्हे.

चांगल्या रहस्यकथेचा एक नियमही आहे. गुन्हेगार ओळखण्यासाठीं जे धागे गुप्तहेराला सांपडले, ते सगळे आधीं वाचकाच्या डोळ्यांपुढें आले पाहिजेत. ते समोर असूनही वाचकाला ओळखतां आले नाहींत, तर लेखकाची शाबासकी. पण शेवटच्या पानावर कोणी तिऱ्हाईत आणून उभा केला आणि ‘हाच खुनी’ म्हटलें, तर तें मापांत पाप झालें. वाचकानें पैसे मोजले आहेत. त्याला पुरतें माप मिळालें पाहिजे.

हा नियम आमच्या लोकांना परका नाहीं. जुन्या गांवगाड्यांत चोरी झाली म्हणजे रामोशी माग काढी. चोराचा माग शेजारच्या गांवच्या शिवेंत गेला, तर तो त्या गांवच्या लोकांना दाखवून द्यावा लागे. मग पुढची जबाबदारी त्यांची. माग दाखवितां आला नाहीं तर भरपाईचा बोजा आपल्याच गांवाकडे राही. ‘चोर अमक्या जातीचा दिसतो’ एवढें म्हणून सुटका होत नसे. पाऊल दाखवावें लागे. आजही बैल दावें तोडून गेला तर शेतकरी खुरांवरून माग काढतो, आणि विणकर कापडाची घडी हातांत घेऊन कोणत्या मागावर धागा चुकला तें सांगतो. खुणेवरून सत्य गांठणें हें आमच्या हाताचेंच काम आहे.

आतां खडे पाहूं.

अशा शेंकडों कथा वाचल्यावर एक गोष्ट डोळ्यांत खुपूं लागते. पुष्कळ साधारण पुस्तकांत संशयित माणूस आधींच तयार करून ठेवलेला असतो. रंग काळा, गालावर वण, डोळे तांबारलेले, कपडे मळके, बोलणें गांवढळ. तो बंगल्यावरचा नोकर असतो, माळी असतो, रखवालदार असतो, नाहींतर रस्त्यानें जाणारा कोणी भटका असतो. नायक गोरा, उंच, मोटारींतून उतरणारा. खलनायकाचे साथीदार कोण, तर वस्तींतले गुंड. आतां हें पुस्तक वाचणारा कोण, तें पाहा. तो स्वतः उन्हांत रापलेला, घामाच्या कपड्यांत बसलेला, आणि कदाचित् कोणाच्या तरी कारखान्यावर रात्रपाळीची रखवाली करतां करतांच वाचणारा. तो आपल्यासारख्याच माणसावर संशय घ्यायला त्या पुस्तकापासून शिकतो, आणि त्याचे त्याबद्दल पैसेही देतो!

हा खडा कादंबरीकारांनीं स्वतःच्या घरून आणलेला नाहीं. तो कायद्याच्या पोत्यांतून आला आहे. इंग्रज सरकारनें १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. एखाद्या माणसानें गुन्हा केला कीं नाहीं, हा प्रश्नच त्या कायद्यानें पुसून टाकला. अमक्या जमातींत जन्मला म्हणजे तो गुन्हेगार. सरकारी यादींत नांव, पोलिसांपुढें हजेरी, आणि जाण्यायेण्याला परवानगी. आपल्या सोलापुरांत अशा लोकांची तारेच्या कुंपणांतली वसाहत होती. तेथील माणसें गिरण्यांत राबत आणि हजेरी देत. त्या भागाला लोक ‘सेटलमेंट’ म्हणूं लागले, आणि तें नांव टिकून राहिलें. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा रद्द झाला. म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावरही या लोकांना पांच वर्षें वाट पाहावी लागली. कायदा गेला त्याला सत्तर वर्षें होऊन गेलीं. परंतु गांवांत शेळी नाहींशी झाली कीं पहिली चौकशी कोणत्या पालावर होते, तें प्रत्येकानें आपल्याच गांवाबद्दल आठवून पाहावें.

यावर कोणी म्हणेल, मास्तर, चोर चोरच असतो, तुम्ही उगाच जात काढतां. जात आम्हीं काढली नाहीं. ती आधींच काढून ठेवली होती. आम्हीं एवढेंच विचारतों, कीं पाऊल कोणीं पाहिलें?

या प्रश्नाची किंमत रहस्यकथेच्या मोठ्या उस्तादालाही ठाऊक होती. शेरलॉक होम्स हा गुप्तहेर ज्यांनीं १८८७ सालीं प्रथम वाचकांपुढें आणला, त्या आर्थर कॉनन डॉइल साहेबांच्या आयुष्यांतली ही हकीकत आहे. मुंबईकडचे एक पारशी गृहस्थ ख्रिस्ती होऊन विलायतेंत ग्रेट वायर्ली नांवाच्या खेड्यांत पाद्री झाले होते. त्यांचें नांव शापूरजी एदलजी. मुलगा जॉर्ज वकिलीचें काम करी. त्या भागांत कोणी रात्रीं कुरणांत शिरून घोडीं व गुरें चिरूं लागला. संशय कोणावर गेला, तर गांवांत एकटें दिसणाऱ्या त्या सांवळ्या कुटुंबावर. १९०३ सालीं जॉर्जला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. पुढें डॉइल साहेबांनीं हें प्रकरण हातीं घेतलें. त्यांनीं डोळ्यांच्या विकारांचा अभ्यास केलेला होता. जॉर्ज वर्तमानपत्र अगदीं डोळ्यांजवळ धरून वाचीत आहे, हें त्यांनीं पाहिलें आणि विचारलें, ज्याला दहा पावलांवरचें धड दिसत नाहीं, तो अंधाऱ्या रात्रीं कुरणें ओलांडून गुरें कशीं चिरील? १९०७ सालीं त्यांनीं वर्तमानपत्रांतून हा प्रश्न साऱ्या इंग्लंडपुढें मांडला. सरकारला जॉर्जला माफी द्यावी लागली; भरपाई मात्र दिली नाहीं. त्याच वर्षीं विलायतेंत फौजदारी अपिलाचें वेगळें न्यायालय स्थापन झालें, आणि तें होण्यास या प्रकरणाचाही हातभार लागला. रहस्यकथा लिहिणाऱ्यानें आपली विद्या एका निरपराध माणसासाठीं वापरली, तेव्हां तिचें केवढें काम झालें, तें यावरून कळतें.

विलायतेची गोष्ट लांबची वाटत असेल तर आपल्या राज्यांतली ऐका. २००३ सालीं महाराष्ट्रांत एका गरीब कुटुंबावर रात्रीं दरोडा पडला, खून झाले, अत्याचार झाले. गुन्हा इतका भयंकर कीं ऐकणाऱ्याचें रक्त तापावें. सहा माणसें धरलीं गेलीं. तीं भटक्या जमातींतलीं, मोलमजुरी करणारीं. खालच्या कोर्टानें फांशी दिली, आणि २००९ सालीं खटला सर्वोच्च न्यायालयांत गेला तेव्हां सहाही जणांच्या पदरीं फांशीच आली. पुढें त्याच न्यायालयानें प्रकरण पुन्हा उघडलें. तेव्हां असें दिसून आलें कीं, वांचलेल्या साक्षीदार बाईनें सुरुवातीला पोलिसांनीं दाखविलेल्या फोटोंतून निराळ्याच माणसांना ओळखलें होतें, आणि तो धागा तपासांत सोडून दिला गेला होता. ५ मार्च २०१९ रोजीं न्यायालयानें सहाही जणांना निर्दोष ठरविलें व प्रत्येकाला पांच लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम केला. आरोपी भटक्या जमातींचे व गरीब मजूर असल्यामुळें त्यांना खोटें गुंतविलें असण्याचा संभव नाकारतां येत नाहीं, अशा अर्थाचें मत निकालांत नमूद आहे. सोळा वर्षें गेलीं. लेंकरें बापावांचून वाढलीं. आणि खरा गुन्हेगार कोण, हें त्या दिवशींही कोणाला सांगतां आलें नाहीं. ज्या कुटुंबावर तो प्रसंग आला त्यालाही न्याय मिळाला नाहीं, हें विसरूं नका. चुकीचा माणूस धरला म्हणजे एका घराचें नव्हे, दोन घरांचें वाटोळें होतें.

ही झाली कोर्टाची गोष्ट. आतां लोकांच्या हातची गोष्ट सांगतों, आणि ती आपल्या जिल्ह्याची आहे. २०१८ च्या उन्हाळ्यांत मुलें पळविणारी टोळी फिरत आहे अशी अफवा मोबाइलवरून राज्याराज्यांतून पसरली. १ जुलै २०१८ रोजीं, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशीं, धुळें जिल्ह्यांतल्या साक्री तालुक्यांत राईनपाडा या गांवीं पांच परके पुरुष दिसले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते. भिक्षा मागत गांवोगांव फिरणें हा त्यांचा पिढीजात धंदा. त्यांतले बहुतेक आपल्या मंगळवेढें तालुक्यांतले. जमावानें त्यांना मुलें धरणारे ठरविलें. ग्रामपंचायतीच्या खोलींत कोंडून त्या पांचांना मरेपर्यंत मारलें. मुलें पळविणारी टोळी नव्हतीच.

मारणारे कोण होते? तेही गरीबच, डोंगराळ भागांतले कष्टकरी. ज्यांच्यावर स्वतःवर आयुष्यभर संशय घेतला गेला, त्यांनींच दुसऱ्या गरिबांवर संशय घेतला. मोबाइलवर आलेली अफवा हीसुद्धां एक रहस्यकथाच असते. तींत भय असतें, टोळी असते, मळक्या कपड्यांतला परका माणूस असतो. फक्त पुरावा नसतो, आणि शेवटचें प्रकरण वाचणाऱ्यानें आपल्या हातानें पुरें करायचें असतें. म्हणून आम्हीं म्हणतों कीं, संशय कसा घ्यावा हें शिकविणारें पुस्तक हा नुसत्या करमणुकीचा विषय नाहीं. आमच्या माणसांच्या जिवाचा तो प्रश्न आहे.

अफवेवरून भयकथेकडे येऊं, कारण हल्लीं तिचीच चलती अधिक आहे. नारायण धारप (१९२५–२००८) हे या प्रकारांतले मोठे कारागीर. ‘लुचाई’ त्यांनीं स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या कादंबरीवरून रचली, पण वाडा, गल्ली, माणसें अशीं मराठी केलीं कीं कलम ओळखूं येऊं नये. २०१८ चा ‘तुंबाड’ चित्रपट धारपांच्या एका कथेवरून सुचला. त्यांतलें भूत हांव सुटलेल्या माणसालाच गिळतें, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. रत्नाकर मतकरी २०२० सालीं गेले. त्यांच्या गूढकथांत भय बाहेरून येत नाहीं, माणसाच्या मनांतून निघतें. अलीकडे हृषीकेश गुप्ते यांनीं ‘दंशकाल’, ‘हाकामारी’ अशीं पुस्तकें लिहिलीं आहेत. रात्रीं दारावर येऊन नांवानें हांक मारणारी हाकामारी आमच्या खेड्यांतल्या आज्यांच्या तोंडची आहे. असें घरचें भय छापून आलें म्हणजे वाचकाला त्यांत आपलें आंगण दिसतें, आणि हा या लेखकांचा गुण आम्ही मोकळेपणानें मान्य करतों.

परंतु भयकथा वाचणाऱ्यानें एक दोर हातांत ठेवावा. पुस्तकांतलें भूत पुस्तक मिटलें कीं मिटलें पाहिजे. परभणी जिल्ह्यांत मानवत येथें १९७२ ते १९७४ या काळांत गुप्तधनाच्या व मूल होण्याच्या आशेनें बायका व लहान मुली यांचे बळी गेले. त्यावर २०२४ सालीं मालिका निघाली, आणि लोकांनीं ती घरीं बसून पाहिली. पाहणाऱ्यानें हें लक्षांत ठेवावें कीं त्या पोरी खऱ्या होत्या. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत खून झाला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस नरबळी व जादूटोणा यांच्याविरुद्ध राज्यांत कायदा झाला. ज्या गांवांत अजून एखाद्या विधवेकडे बोट दाखवून ‘हिनें करणी केली’ असें म्हणतात, त्या गांवांत भयकथा वाचतांना मुलांजवळ मोठ्या माणसानें बसावें, आणि गोष्ट संपल्यावर ती गोष्ट होती हें सांगावें.

मग वाचावें काय? मुलांसाठीं सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या कथा आम्हीं सुचवितों. त्या मूळच्या बंगाली. अशोक जैन यांनीं त्यांचें मराठी भाषांतर केलें आहे. त्यांत मारामारी थोडी व डोकें चालविणें फार. मोठ्यांनीं श्रीकांत सिनकर यांच्या मुंबई पोलिसांच्या तपासकथा वाचाव्या; खरा तपास किती किचकट, किती पायपिटीचा असतो, तें त्यांतून कळतें. अर्नाळकर, नाईक, शिरवळकर हवे तितके वाचावे. पण त्यांच्या जोडीला अण्णाभाऊ साठे यांची १९५९ ची ‘फकिरा’ वाचावी. दुष्काळांत उपाशी मरणाऱ्या माणसांसाठीं लूट करणाऱ्या मांग वीराची ती कथा आहे. तिला १९६१ सालीं राज्य सरकारचें बक्षीस मिळालें. कोणत्याही रहस्यकथेइतकाच तींत श्वास रोखून धरावा लागतो, आणि ‘दरोडेखोर’ हा शब्द उच्चारण्यापूर्वीं माणूस दोनदां विचार करूं लागतो. मग लक्ष्मण गायकवाड यांचें ‘उचल्या’ वाचावें. तें १९८७ सालीं आलें, आणि १९८८ सालीं त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. रहस्यकथेंत ज्या घरावर पोलिसांची धाड पडते, त्या घराच्या आंतून हें पुस्तक लिहिलेलें आहे. धाड घालणाऱ्याच्या बाजूनें शंभर पुस्तकें वाचलीं. आंत पांघरुणाखालीं लपलेल्या लेंकराच्या बाजूनें एक तरी वाचावें.

कोणी विचारील, दिवसभर राबून आलेल्या माणसानें घटकाभर गंमत म्हणून पुस्तक उघडलें, तर त्याच्यापुढें एवढी तराजू कशाला? त्याला सुखानें वाचूं द्या कीं! आमचाही त्याला विरोध नाहीं. राबणाऱ्याच्या करमणुकीवर उपदेशाचा कर बसविणारे लोक आम्हांला आवडत नाहींत. परंतु आमचा अनुभव असा आहे कीं, ज्या पुस्तकांत संशयित आधींपासून ठरलेला असतो, तें पुस्तक गंमत म्हणूनही कच्चें असतें. काळा, वण असलेला माळी पहिल्या पानावर आला कीं पुढचें कळून चुकतें. रहस्य राहातें कुठें? जो लेखक माळ्याला माणूस म्हणून पाहातो, त्याच्या कथेंत बंगल्याचा मालकही संशयित असूं शकतो, डॉक्टरही असूं शकतो, देवघरांत बसलेले काकासाहेबही असूं शकतात. मग वाचकाला खरोखर विचार करावा लागतो आणि गंमत वाढते. न्याय आणि करमणूक यांचें येथें भांडण नाहीं.

म्हणून पुस्तक मिटल्यावर चार प्रश्न घरांत मोठ्यानें विचारावे. एक, संशय पहिल्यानें कोणावर गेला आणि कां? दुसरा, गुन्हेगाराविरुद्ध पुरावा होता, कीं त्याचें रूप आणि जात हाच पुरावा होता? तिसरा, मार खाऊन दिलेली कबुली लेखकानें खरी धरली काय? चौथा, निरपराध म्हणून सुटलेल्या माणसाचें पुढें काय झालें, हें लेखकानें सांगितलें, कीं त्याला विसरून तो नायकाच्या लग्नाला निघून गेला? आमच्या शाळेंतल्या सातवीच्या मुलांना हे प्रश्न घातले, तर पुष्कळ गाजलेलीं पुस्तकें तीं नापास करतात. विशेषतः तिसऱ्या प्रश्नावर. कारण कबुली कशी घेतात, हें त्यांतल्या कांहीं मुलांना घरूनच ठाऊक असतें.

महाराष्ट्रांत सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालीं झाला, आणि सरकारी अनुदानावर चालणारीं वाचनालयें गांवोगांवीं निघालीं. पुष्कळ ठिकाणीं कपाटाला कुलूप असतें व किल्ली कोणाच्या तरी खिशांत असते. आपल्या गांवांत वाचनालय असेल तर चार जणांनीं मिळून किल्ली मागावी, आणि रहस्यकथांची व ‘फकिरा’, ‘उचल्या’ यांची एकत्र मागणी लेखी द्यावी. पुस्तक नसेल तर मोबाइलवर आतां गोष्टी ऐकावयासही मिळतात. विड्या वळणाऱ्या आमच्या सोलापूरच्या भगिनींचे हात गुंतलेले असतात, पण कान मोकळे असतात. एकीनें लावावी, दहाजणींनीं ऐकावी, आणि गुन्हेगार कोण यावर खुशाल वाद घालावा.

आणि असा वाद घालतां येऊं लागला, म्हणजे गांवांत कधीं कोणी ओरडत आला कीं वेशीवर मुलें धरणारे आले आहेत, तर काठी उचलण्यापूर्वीं निदान एका घरांतून तरी बाई किंवा पोर पुढें येऊन विचारील, ‘पाहिलें कोणीं? पुरावा काय?’ ते पांच जण उभे होते, तेव्हां एवढा एकच प्रश्न विचारणारीं माणसें तेथें पुरेशीं असतीं, तर ते आपापल्या घरीं परत आले असते.

— एक शाळामास्तर, जि. सोलापूर